शुक्रवार पेठेतली रॅले: जोडणीच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

कोल्हापुरातल्याच शुक्रवार पेठेतून आत्याच्या जिन्याखालची जुनी रॅले सायकल आज आमच्या मंगळवार पेठेत आली. मागचं चाक जाम, त्यामुळे ढकलत आणता येईना. शेजारच्या दादांच्या टेम्पोतून आणली. गच्चीवर पत्र्याखाली जागा केली आहे. खाली पोतं, वर बल्ब.

सायकल आत्याच्या यजमानांची. आम्ही त्यांना काका म्हणायचो. छापखान्यात कंपोझिटर होते, रात्रपाळी संपली की याच सायकलीवरून शुक्रवार पेठेत घरी यायचे. ते गेल्यावर ती कुणी चालवली नाही, पण निदान कोरडी होती. मग 2019 चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आत्याच्या खालच्या खोलीत सायकलच्या सीटपर्यंत पाणी होतं. पूर ओसरल्यावर घर धुतलं, गाद्या टाकून दिल्या, भांडी उन्हात मांडली. त्या धांदलीत सायकल उघडून वाळवायला कुणाला सवड होती? 2021 च्या जुलैत परत पाणी शिरलं. म्हणजे हिच्या नळ्यांत आणि हबांत दोन पुरांचा गाळ आहे.

फ्रेम 24 इंची. चाकं 28 बाय दीड. ब्रेक रॉडचे. सीट ब्रूक्सची, चामडं मधोमध फाटलेलं, स्प्रिंगा शाबूत. पूर्ण चेनकव्हर आहे आणि त्याच्या आतल्या दातचाकात बगळ्याची डोकी कापलेली दिसतात. हँडलच्या नळीवरच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड. हे आधी पाहिलं, कारण रॅले दोन ठिकाणच्या असतात: एक मूळ नॉटिंगहॅमची (तिथल्या रॅले स्ट्रीटवरूनच कंपनीला हे नाव पडलं), दुसरी आपल्याकडची सेन-रॅले, पश्चिम बंगालात आसनसोलला बनायची. नॉटिंगहॅमची निघाली म्हणून जीव हरखला, आणि लगेच खर्चाचीही काळजी लागली. त्याचं कारण बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलांचा ॲक्सल फिरतो तो फ्रेमचा भाग) उघडल्यावर कळेल.

साल कुठं लिहिलेलं नाही. पण मागच्या मडगार्डच्या तारेला एक पितळी बिल्ला अडकवलेला सापडला. पूर्वी सायकलीवर पट्टी, म्हणजे कर, असायची, ती भरली की असा बिल्ला मिळायचा. आकडे झिजलेत, पण ‘नगरपालिका’ एवढं स्वच्छ वाचता येतं. कोल्हापूरची महानगरपालिका डिसेंबर 1972 ला झाली. तेव्हा ही सायकल त्याआधीच गावात फिरत होती. काकांनी ती जुनीच घेतली होती असं आत्या सांगते.

बजेट 6000 रुपये. जे फिरतं, जे थांबवतं आणि ज्यावर बसायचं, पैसा तिथं जाईल. दिसण्यावर नाही. गल्लीतल्या दोघा-तिघांनी आजच सुचवलं की फ्रेम पावडर कोटिंगला टाका, नव्यासारखी होईल. नवीच हवी असती तर नवी घेतली असती.

12 जानेवारी, रविवार

आज कॉटर आणि बीबी.

कॉटर म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) ॲक्सलवर धरून ठेवणारी पिन, एका अंगाला उतार घासलेली. जुन्या सायकलीचं अर्धं नुकसान ती काढताना होतं. लोक नट पूर्ण सोडवतात आणि हातोडीनं टकटक ठोकत बसतात. पिनेचं टोक फुगतं, आटे जातात, आणि प्रत्येक ठोका आतल्या छर्ऱ्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) आणि ते ज्यात फिरतात त्या वाट्यांवर बसून तिथं खळगे पाडतो. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांना गच्चीवर बोलावलं होतं. त्यांनी येताना जाड पाइपचा एक तुकडा आणला. तो जमिनीवर उभा करून बरोबर क्रँकच्या खाली टेकवला, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरेल असा. ठोक्याचा मार पाइपमधून जमिनीत जातो, बीबीत नाही. नट काढायचा नाही, टोकाच्या पातळीत आणून ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात.

“ताई, हळूहळू ठोकलं की पिन वाकते. एकच द्यायचा, पण मनापासनं.”

उजवी एका ठोक्यात सुटली. डावीला आदल्या दिवसापासून डिझेल पाजलं होतं, तरी तिचं टोक मुडपलं. ड्रिलनं पोखरून काढली. क्रँकना काही झालं नाही.

मग बीबी. उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेनं फिरवली तर सुटते. ती मी काढलीच नाही. आतून पुसून, बॅटरी लावून पाहिली, छर्रे लोळतात ती रेघ गुळगुळीत आहे, जागेवर राहू दे. डावी काढली तेव्हा आधी पाणी नाही, ओल्या राखेसारखा गाळ बाहेर आला. सायकल इतकी वर्षं डाव्या अंगाला भिंतीला टेकून उभी होती, सगळं तिकडंच बसलं. डाव्या वाटीत गंजाचे खळगे, नखाला लागतील एवढे. ॲक्सल मात्र वाचला आहे.

आता काळजीचं कारण. मी शिरोलीला फौंड्रीत तपासणी विभागात काम करते, आटे मोजायचं पिच गेज माझ्या पर्समध्येच असतं. वाटीला लावलं: इंचाला 26 आटे. बाजारात मिळते ती वाटी बहुतेक 24 आट्यांची. नॉटिंगहॅमच्या रॅलेनं बीबीला स्वतःचे 26 आटे ठेवले होते. बाहेरचा व्यास जवळपास तोच, म्हणून 24 ची वाटी पहिले दोन फेरे हातानं आत जाते आणि फसवते. पुढं पान्यानं रेटली की फ्रेमचे आटे कापले जातात. अशा मारलेल्या फ्रेमा मामांनी पाहिल्या आहेत. “भंगारात गेल्या त्या सगळ्या,” म्हणाले.

19 जानेवारी, रविवार

सीटची दांडी नळीत गंजून एकजीव झाली आहे. बाहेरून तेल सोडून उपयोग नाही, ते फटीतून खाली उतरतच नाही. बीबी मोकळी आहे तोवर फ्रेम उलटी टांगली आणि बीबीच्या पोकळीतून सीटच्या नळीत डिझेल ओतलं. उलट्या फ्रेमेत ते थेट दांडीच्या तळाशी साठतं आणि आतून फटीत मुरतं. रोज संध्याकाळी थोडं ओतायचं, हँडल धरून हलवायचं नाही, मुरू द्यायचं.

आतापर्यंत खर्च: डिझेल, ग्रीस, ऑक्झॅलिक ॲसिड, सँडपेपर मिळून 350.

26 जानेवारी, रविवार

दांडी निघाली. डिझेल पूर्ण काढून नळी कोरडी केली, कापडानं पुसली, वास जाईपर्यंत उन्हात ठेवली. मग नळीच्या तोंडावर उकळतं पाणी ओतत राहिले आणि दांडी पाइप पान्यानं पिळली. वर ओढायचं नाही, फक्त डावी-उजवी. पहिल्यांदा हलली तेव्हा करकर आवाज आला, मग बारीक लाल पूड, मग अख्खी दांडी बाहेर. गॅसची ज्योत लावायला सांगणारे बरेच होते, पण ज्योत लावली की रंग जातो, आणि डिझेल प्यालेल्या नळीला आग दाखवणं धोक्याचं.

2 फेब्रुवारी, रविवार

स्टँड, कॅरियर, मडगार्डच्या सळ्या, ब्रेकचे रॉड, सगळे नट-बोल्ट: गंज वरचा आहे, धातू आत चांगला आहे. निकेल-क्रोमचा खर्च बजेटच्या बाहेर. जुनी इंजिनं, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे गंजलेले भाग साखर कारखान्याच्या मळीत बुडवून ठेवतात, जगभर ही पद्धत आहे. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. त्यातली आम्लं आणि साखरेचे घटक गंजातलं लोखंड धरून पाण्यात ओढून घेतात. खालच्या चांगल्या लोखंडाला फारसं लागत नाही. बाजारातली ॲसिडं गंज तासाभरात काढतात, पण धातूही खातात.

आपल्याकडं गुऱ्हाळांचा हंगाम सुरू आहे. करवीर तालुक्यातल्या ओळखीच्या गुऱ्हाळावर गेल्या वर्षीची आंबलेली काकवी एका डब्यात पडून होती, ती त्यांनी अशीच दिली. मळी आणि काकवी एकच नव्हे, काकवीत साखर जास्त आणि बाकीचं कमी, पण आंबल्यामुळं आम्ल वाढलेलं. करून पाहायला खर्च शून्य. प्लास्टिकच्या पिंपात सगळे सुटे भाग बुडवले, वर घट्ट झाकण आणि झाकणाभोवती मुंग्यांसाठी हळदीची रेघ. ॲल्युमिनियमचं काही यात घालायचं नाही, ते खाल्लं जातं.

8 फेब्रुवारी, शनिवार

शिवाजी उद्यमनगर. या एका ठिकाणामुळं कोल्हापुरात जुनं यंत्र टाकून द्यावं लागत नाही असं मला नेहमी वाटतं. एका शेडमध्ये ओतीव, पुढच्यात लेथ, त्याच्या पुढं उष्णता प्रक्रिया, आणि मधल्या बोळात चहा.

लेथवाल्या दादांना वाटी दाखवली. त्यांनी हातात घेऊन आटे बोटानं चाचपले.

“26 कोण पाडतंय आता, ताई?”

“पडतील का पण?”

“पडतील की! न पडायला काय झालं?”

त्यांच्या लेथचा लीड स्क्रू (टूल पुढं सरकवणारा) इंचाला 4 आट्यांचा. 26 आटे पाडायचे तर स्पिंडल आणि स्क्रू यांचं प्रमाण 4 ला 26, म्हणजे 2 ला 13 हवं. तेरा म्हटल्यावर 65 दातांचा गिअर आठवला पाहिजे. कपाटातून त्यांनी तो काढला, धुळीनं भरलेला, आणि 20 वर 65, 40 वर 80 अशी जोडणी खडूनं दारावर लिहून माझ्याकडं पाहिलं. मी मोबाइलवर भागाकार केला, बरोबर येतो. त्यांनी तो डोक्यात केला होता.

ईएन-31 च्या रॉडचा उरलेला तुकडा घेतला. बेअरिंगचं पोलाद म्हणून हेच वापरतात. बाहेरून 60 अंशांच्या टूलनं आटे, आतून छर्ऱ्यांसाठी रेघ. छर्रा पाव इंची, त्याची त्रिज्या 3.175 मिलिमीटर, रेघेचं टूल त्याहून किंचित मोठ्या त्रिज्येचं घासून घेतलं, कारण रेघ छर्ऱ्याच्या मापाची झाली तर छर्रा घासतो, मोठी झाली तरच लोळतो. जुन्या वाटीचं आतलं अंतर उंचीच्या गेजनं आधीच मोजून कागदावर नेलं होतं.

पहिली वाटी फ्रेममध्ये हातानं शेवटपर्यंत फिरली. पान्याची गरज लागली नाही.

मग कडक करायला पाठवली: तापवून तेलात विझवणं आणि नंतर कमी उष्णतेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढणं. दुसऱ्यांच्या लॉटबरोबर टाकल्यामुळं स्वस्तात झालं. तुकडा, लेथ आणि प्रक्रिया मिळून 750. आख्ख्या कामातला हा एक महागडा सुटा भाग, आणि त्यातला एक रुपयाही मला जड वाटला नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

रंग.

साबणपाण्यानं धुतली, मऊ कापडानं टिपली. पुराच्या मातीचा थर निघाला आणि खालचा काळा रंग जिवंत निघाला. नळ्यांच्या कडेनं सोनेरी रेघा आहेत, हातानं मारलेल्या, कुठं जाड कुठं बारीक. पॉलिशिंग कंपाउंडनं या रेघा काही मिनिटांत जातात, म्हणून कंपाउंड फ्रेमेला लावायचंच नाही. गंजाच्या ठिपक्यांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी कापसाच्या बोळ्यानं, आधी बीबीच्या खाली न दिसणाऱ्या जागी लावून पाहिलं. रंगाला काही होत नाही याची खात्री झाल्यावर बाकी ठिकाणी. हातात मोजे हवेत, ते विषारी आहे. मग स्वच्छ पाणी, ऊन, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. जिथं धातू उघडा आहे तिथं ब्रशच्या टोकानं काळा इनॅमल, फक्त तेवढ्या ठिपक्यापुरता.

नळ्यांच्या आतून जवसाचं तेल सोडलं, रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून ते आत पसरवायचं, जास्तीचं निथळू द्यायचं. वाळल्यावर आतून पातळ पापुद्रा धरतो आणि दमट हवा धातूला लागत नाही. तेल आणि मेण 260.

चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात काकांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. त्यांनी स्वतः काढलेली, छापखान्यातल्या खिळ्यांच्या वळणाची, टोकं ठसठशीत आणि दोन अक्षरांतलं अंतर डोळ्यांनी मोजून ठेवलेलं. त्यातलं एक अर्धवट उडालं आहे. त्यावर हात फिरवायचा नाही असं ठरवलं. आत्याला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला: “पुसू नको हं ते.”

23 फेब्रुवारी, रविवार

पिंप उघडलं. वास उग्र. पण स्टँडवरचा लाल गंज गेला आहे, त्याजागी काळी साय, ती काथ्यानं पुसली की खाली करडा धातू. ब्रेकच्या रॉडांवरचं क्रोम बरंच टिकलंय, गंज त्याच्या फटींतून निघाला. कॅरियरच्या जोडांत अजून थोडा लाल आहे, तो परत बुडवला.

बाहेर काढल्याबरोबर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग लगेच उन्हात, आणि गरम असतानाच तेलाचं बोट. मध्ये चहाला गेलं तरी नवा गंज चढू लागतो. पितळी बेल आणि नगरपालिकेचा बिल्ला चिंचेनं घासले, देवाची भांडी घासतो तसे.

2 मार्च, रविवार

चाकं. पुढची रिम ठीक. मागची आतून कुजली आहे. आऱ्यांच्या भोकांतून पाणी आत गेलं ते बाहेर निघालंच नाही, आणि टोकदार सुईनं दाबलं तर एका ठिकाणी आरपार गेली.

इथं आपण नशीबवान. 28 बाय दीडच्या रिमा, टायर, ट्यूब आजही आपल्याकडं साध्या दुकानांत मिळतात, कारण दूधवाले, पेपरवाले आणि खेड्यातले लोक त्याच मापाच्या काळ्या सायकली चालवतात. रॉड ब्रेकला लागणारी रिमही तीच: कडांपासून आत उतार असलेली, कारण रबर बाजूनं नाही, रिमेच्या पोटाच्या अंगाला खालून वर दाबतं. 40 भोकांची मागची रिम 480, आरे आणि निपल 240. पुढं 32, मागं 40 ही जुनी इंग्रजी मोजणी. वजन मागच्या चाकावर जास्त येतं म्हणून. हब मूळचाच ठेवला, धुवून नवे छर्रे.

चाक मामांनी बांधलं, मी शेजारी बसून पाहिलं. प्रत्येक आरा दुसऱ्या चार आऱ्यांना ओलांडून जातो, चौथ्याच्या खालून. सगळे सैल बसवून मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात, प्रत्येक निपलला सारखे फेरे. आउट, म्हणजे रिमेचं डावी-उजवीकडं डोलणं, काढताना त्यांनी खडूचा तुकडा फ्रेमेला टेकवून रिमेजवळ धरला. जिथं खडू उमटला तिथं विरुद्ध अंगाचे आरे ओढायचे. त्याच्या आधी उडी काढायची, म्हणजे वर-खाली. बरेच जण आधी बाजूचा आउट काढतात आणि मग उडी काढताना तो परत येतो. शेवटी दोन-दोन आरे मुठीत दाबून आवाज ऐकला. सगळ्या बाजूंचा आवाज जवळपास एक येईपर्यंत ते उठले नाहीत. मजुरी 350 ठरली होती, तीच घेतली.

टायर 860, ट्यूब 320. रिमेवर जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी.

9 मार्च, रविवार

सीट. ब्रूक्सची नवी सीट माझ्या आख्ख्या बजेटच्या वर जाते. आणि ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चामडं कमावलं जातं तिथं सीटचं चामडं बाहेरून कशाला आणायचं?

सुभाषनगरात कोल्हापुरी पायताण करणाऱ्या काकांकडं गेले. सांगाडा दाखवला. त्यांनी फाटलेलं चामडं वाकवून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ताण कुठून कुठं येतो?” नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत, बोल्टनं ओढून ताणलेलं. “मग पाठीचं पाहिजे. पोटाचं लोंबतं.” बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं म्हशीचं पाठीचं चामडं त्यांनी काढलं, साडेपाच मिलिमीटर भरलं. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं या कामाचं नाही, ते आकार धरत नाही. झाडाच्या सालीचं चामडं ओलं केलं की हवं तसं वळतं आणि वाळलं की तसंच राहतं.

जुन्याचा कागदी साचा काढला, आरीनं नाही, रापीनं कापलं. कोमट पाण्यात भिजवून सांगाड्यावर ओढलं, खाली लाकडी ठोकळा घालून दोऱ्यांनी आवळलं, आणि गोट्यानं घासून घासून कडा खाली वळवल्या. सावलीत वाळायला ठेवलं, उन्हात ठेवलं तर तडकतं. काल शनिवारी परत गेले तेव्हा तांब्याचे रिबेट ठोकून तयार होती. कडेला त्यांनी कुणी न सांगता एक बारीक रेघ ओढली आहे, पायताणाच्या अंगठ्याला ओढतात तशी. 900 रुपये. तेल फक्त खालच्या बाजूनं, तेही थोडं. वरून तेल पाजलं की सीट लोंबकळते.

16 मार्च, रविवार

जोडणी. बीबीला पाव इंची छर्रे 22, दोन्हीकडं 11. पिंजऱ्यातले छर्रे बसवायला सोपे, पण संख्येनं कमी. सुटे बसवले की भार जास्त छर्ऱ्यांवर वाटला जातो. हँडलच्या वाट्यांत 25-25 बारीक. पुढच्या हबला 10-10, मागं 9-9. सगळे मिळून 150, आणि जुने छर्रे कितीही चांगले दिसले तरी परत घालायचे नाहीत.

नवी वाटी: दिवसभर घट्ट-सैल करत राहिले. पूर्ण आवळून पाव फेऱ्याच्या आतच मागं आणलं तेव्हा खेळ गेला आणि ॲक्सल बोटानं फिरवल्यावर फिरतच राहिला. मग लॉक रिंग.

कॉटर 60 ला दोन जोड्या. बाजारातल्या कॉटरचा उतार क्वचितच ॲक्सलच्या खाचेशी जुळतो. ॲक्सलच्या खाचेला मार्किंग ब्लू लावला, पिन सरकवली, काढली, जिथं निळं उमटलं तिथं कानशीचे दोन हात. असं करत निळं पूर्ण पट्टीवर उमटेपर्यंत. दोन्ही पिनांचा उतार सारखा, आणि बसवताना तोंडं उलट दिशांना, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. सपाट पट्टी लावून पाहिलं: एका रेषेत आहेत.

चेन 170, पायडलची रबरं 80. चेनकव्हर बसवताना आतून नमद्याची पट्टी लावली, खडखड गेली.

19 मार्च, बुधवार

रंगपंचमी. सायकलवर चादर.

23 मार्च, रविवार

ब्रेक. रबरं 80. रॉडच्या प्रत्येक सांध्यात पुराची माती होती, एकेक पिन काढून धुतली. रॉड ब्रेकची मजा अशी की वायर नाही, तुटायला काही नाही. पण कुठल्याही एका सांध्यात अडकलं तर लिव्हर घट्ट लागतो आणि रबर मात्र रिमेपर्यंत पोचत नाही. रबर आणि रिम यांत तीन मिलिमीटर अंतर ठेवलं. मागच्या ब्रेकचा रॉड बीबीजवळच्या कोपऱ्यात वळतो, तिथला सांधा सर्वांत जास्त झिजलेला. उद्यमनगरच्या दादांनी वाटीच्या तुकड्यातून उरलेल्या टोकाची पिन करून दिली, पैसे घेतले नाहीत.

कोरड्यात छान थांबते. पोलादी रिम ओली झाली की रबर सरकतं, थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं, आणि हे कितीही जुळवलं तरी सुधारणार नाही. त्यामुळं ही सायकल पावसात काढायची नाही आणि पन्हाळ्याचा घाट हिनं उतरायचा नाही.

डायनामोचं चुंबक शाबूत. सहा व्होल्टचा बल्ब, नवी वायर, 110.

30 मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून झाल्यावर बाहेर काढली. मिरजकर तिकटी, खरी कॉर्नर, तिथून रंकाळा. पुढं 46 दात, मागं 18: पायडलाच्या एका फेऱ्यात चाक अडीच वेळांहून जास्त फिरतं, म्हणजे साडेपाच मीटरच्या वर. सुरुवातीला जड, मग एकदा गती धरली की पाय नुसते सोबतीला. रस्त्यातले खड्डे सीटच्या स्प्रिंगा आणि लांब पुढचा चिमटा मिळून खाऊन टाकतात; अशा रस्त्यांवरच या सायकली इतकी वर्षं टिकल्या आहेत.

खरी कॉर्नरला एका आजोबांनी हात करून थांबवलं. बोलले काही नाहीत आधी, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं आणि कान लावला. मग विचारलं, “बीबी कुणाची घातली?” सगळं सांगितलं, 26 आटे, 65 चा गिअर, ईएन-31. त्यांनी मान डोलवली आणि सांगितलं की ते स्वतः लेथवर होते.

तिथून शुक्रवार पेठेत आत्याकडं. तिनं हँडलला झेंडूचा हार घातला, साखरेच्या गाठीची माळ बेलला अडकवली, आणि चेनकव्हरवरची अक्षरं पदरानं पुसली.

6 एप्रिल, रविवार

आठवडाभर बाजार, दूध आणि संध्याकाळची चक्कर यासाठी चालवून पुन्हा तपासणी. दोन्ही कॉटर अर्धा फेरा आवळले, नवे कॉटर थोडं चालवल्यावर बसतात आणि सैल होतात. तसंच चालवलं तर खाच खराब होते. मागच्या चाकाचे आरे बसले, मामांनी पाच मिनिटांत आउट काढला. नव्या वाटीत खेळ नाही. पुढच्या महिन्यात डावी क्रँक काढून छर्ऱ्यांची रेघ एकदा पाहणार.

एकूण 5160. उरलेले 840 पुढच्या रिमसाठी बाजूला ठेवते आहे. ती आज ठीक आहे, पण व्हॉल्व्हच्या भोकाजवळ आतून एक काळपट पट्टा आहे, आणि मागचीसारखीच ती आतून कुजायला लागली असेल तर पावसाळ्याआधी बदललेली बरी. 32 भोकांची, त्याच मापाची. मामांना सांगून ठेवलं आहे.